किल्ला नसलेल्या गावातला फितूर

कैनाडच्या ठकीला कोणी म्हातारी म्हटलं की ती हातातला विळा खाली ठेवून विचारायची, "तुझा लगीन कोणी लावला रं?" पुढचा माणूस गप्प व्हायचा. आसपासच्या सात-आठ पाड्यांतली निम्मी लग्नं तिनंच लावलेली होती.

ठकी धवलेरी होती. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठानं देवीचा चौक लिहितात, त्याच्यापुढं दिवा ठेवून धवलेरी बसते आणि गाते. तिच्या गाण्यानं लग्न लागतं. आधी ती देवांना बोलावते, मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना, एकेकाचं नाव घेऊन. मागं बसलेल्या बायका ते नाव उचलतात, तिच्याच चालीत परत म्हणतात. नाव उचललं गेलं की तो माणूस मांडवात आला, पोराबाळांत बसला. नाही उचललं तर तो कुंपणाबाहेर उभा राहिला. आणि ठकीच्या पाड्यांत एक नेम होता: धवलेरीनं गाणं सुरू केलं की पुरं होईपर्यंत तिला कोणी अडवायचं नाही. अर्धं गाणं म्हणजे अर्धं लग्न.

ठकीला अक्षर येत नव्हतं. तीन-चारशे मेलेली माणसं मात्र तिला तोंडपाठ होती. कोण कोणाचा, कशानं गेला. कोणी पटकीनं, कोणी सापानं, कोणी शेठच्या वखारीत. त्यांच्यात तिच्या पाठचा भाऊ रघ्या होता.

रघ्या गोळीनं गेला. स्वराज्याच्या दोन वर्षं आधी, गवताच्या संपात. डहाणू-तलासरीच्या डोंगरांत तेव्हा जमीन शेठलोकांची, झाडं ठेकेदारांची, आणि वारली ज्याच्या त्याच्या वेठीला धरलेला. त्या साली गवत कापायच्या दिवसांत माणसांनी विळे खाली ठेवले. पोटाला पुरेल एवढं द्या मग कापतो, म्हणाले. तलासरीच्या बाजूला एका माळावर हजारो माणूस जमलं. पोलीस आले, गोळ्या चालल्या. रघ्या पहिल्या रांगेत होता. त्याची पोरगी लाडकी तेव्हा रांगत होती. तिची आई पुढच्याच पावसाळ्यात गेली, आणि लाडकी ठकीच्या कमरेवर वाढली.

दहा-अकरा वर्षांनी लेखक आले.

त्यांना घेऊन आले हरिश्चंद्र मास्तर. मास्तर बोर्डीचे, चिकूच्या वाडीवाले, खाऊनपिऊन सुखी. पुस्तकांचं वेड. कैनाडच्या शाळेत चार वर्षं काढल्यामुळं त्यांना वारल्यांची बोली कळत होती. लेखक शहरातले, मोठं नाव झालेले. त्यांच्या दोन ऐतिहासिक कादंबऱ्या मास्तरांनी पारायणं करून वाचल्या होत्या. दोन्हींत किल्ले होते, घोडे होते, आणि दोन्हींत कोणीतरी फितूर होऊन किल्ल्याचा दरवाजा आतून उघडत होता. आता लेखकांना गरिबांचा इतिहास लिहायचा होता. डहाणू महाराष्ट्राचं की गुजरातचं, यावरून तेव्हा रान पेटलं होतं. इथल्या माणसांवर मराठीत एक जाडजूड कादंबरी हवीच, असं मास्तरांनाही वाटत होतं.

लेखक तीन आठवडे मास्तरांच्या वाडीत राहिले. सकाळी कैनाडला यायचे, ठकीच्या ओट्यावर घोंगडीवर बसायचे, मांडीवर वही. निळ्या पेन्सिलीनं ऐकलेलं सगळं लिहायचे. कादंबरीत घ्यायचं त्याखाली लाल रेघ मारायचे. ठकीचा नवरा तुक्या लांबून बघायचा आणि म्हणायचा, "त्याची वही भरंल, पन तुझा तोंड नाय रिकामा होयाचा."

ठकीचं इतकं कोणी कधी ऐकलं नव्हतं. ती सांगत सुटली. गवत कसं कापायचं, वखारीत त्याच्या गठड्या कशा दाबायच्या, शेठचा मुकादम बायकांशी कसा वागायचा. लेखक मान हलवायचे आणि फिरून एकाच जागी यायचे.

"पोलिसांना माळाची जागा कोणी सांगितली?"

"सांगाचा काय?" ठकी हसली. "आम्ही ढोल वाजवून मानसा बोलवली. तीन डोंगरांपलीकडं आवाज गेला. शेठनं आपल्या बंगल्यात बसून ऐकला."

"तसं नव्हे. आतला माणूस कोण? प्रत्येक लढ्यात असतो. दरवाजा उघडणारा."

मास्तरांनी तिला ते समजावून सांगितलं. ठकीनं आपल्या घराकडं हात केला. कुडाच्या भिंती, पुढं एक आडवा बांबू. "दरवाजा कोठं हाय आमचा?"

मास्तर हसले. लेखक हसले नाहीत.

शेवटच्या दिवशी ठकीनं एक गोष्ट सांगितली. सांगायची गरज नव्हती. पण रघ्या किती चांगला होता हे तिला दाखवायचं होतं. गोळ्या चालल्या त्याच्या आदल्या सांजेला रघ्या अमृतशेठच्या बंगल्यावर गेला होता. त्यांची आई तिथं वेठीवर होती, तापानं फणफणून वखारीत गवतावर पडलेली. रघ्या शेठच्या पाया पडला, आईला नेऊ दे म्हणाला. संप चालू होता, कोणी वखारीत हात लावत नव्हतं. शेठ म्हणाला, दहा गठड्या दाबून दे, मग ने. रघ्यानं दाबल्या. आईला पाठीवर घेऊन तो तीन कोस चालत आला. सकाळी माळावर गेला आणि संपला. आई नंतर चार दिवस टिकली. त्या चार दिवसांत ती एकच विचारत होती, त्यानं दाबल्या त्या गठड्यांचं काय झालं.

"म्हणजे आदल्या दिवशी तो शेठकडे गेला होता," लेखक म्हणाले.

"आयसला आनाला."

लेखकांनी वहीत लाल रेघ मारली. ठकीला ती दिसली. तिला बरं वाटलं.

तीन वर्षांनी पुस्तक आलं. हिरव्या कापडी बांधणीचं, वर पेटलेला डोंगर. पहिल्या पानावर हरिश्चंद्र मास्तरांचे आभार मानले होते. एका रविवारी मास्तर ते घेऊन कैनाडच्या शाळेच्या पडवीत आले आणि पाड्यातली माणसं समोर बसवून वाचायला लागले. माणसं हरखली. कोणाचं झाड त्यात होतं, कोणाची विहीर होती. रघ्याचं नाव आलं तेव्हा बायकांनी ठकीला कोपरानं ढोसलं. लाडकी चौदा-पंधराची झाली होती. ती सरकून पुढं बसली.

वाचता वाचता एक धनाजीशेठ आला. ठकीनं विचारलं, "हा कोन?"

"अमृतशेठच तो. नाव बदललंय."

"काहाला?"

"खरं नाव घातलं तर तो कोर्टात जाईल ना, ठके. वकील आहेत त्याच्याकडे."



चौदाव्या प्रकरणात मास्तरांचा आवाज अडखळला. त्यांनी ते आधी वाचलेलं होतं. वगळावं असं मनात आलंही असेल, पण छापलेल्या ओळी गाळायची त्यांना सवय नव्हती. अंधारात एक माणूस धनाजीशेठच्या बंगल्याची पायरी चढतो. कनवटीला नाण्यांची पिशवी बांधून उतरतो. माळ कुठला, वेळ कुठली, हे त्यानं सांगितलेलं असतं. त्या माणसाचं नाव रघ्या. दुसऱ्या दिवशी त्याला पश्चात्ताप होतो, तो गोळीपुढं छाती करतो.

 त्या प्रकरणात आई कुठंच नव्हती. वखार नव्हती, गठड्या नव्हत्या.

"हा खोटा हाय," ठकी म्हणाली.

 माणसं उठून एकेक करून घरी गेली, आणि ठकी त्यांच्या पाठी बघत राहिली. तिला त्यांचा राग आला, आणि तिला त्यांचं कळलंही. कादंबरी म्हणजे काय हे पाड्यात कोणाला माहीत होतं? त्यांच्या लेखी कागद एकाच जातीचा. कागदावर अंगठा लावला आणि शेत गेलं. कागद आला आणि माणसाला तुरुंगात नेलं. कागद खोटा असतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. कागद हरलेला मात्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आणि हा तर चारशे पानांचा, कापडात बांधलेला. सरकारनं चौकशी केली, निकाल लागला, असंच सगळ्यांनी धरलं. महिन्याभरात विहिरीवर लाडकी आली की बायका बोलायच्या थांबायला लागल्या.

दुसऱ्या वर्षी लाडकीचं ठरलं. मुलगा तलासरीकडचा, हिरू नावाचा. लाडकीनंच बाजारात पसंत केलेला. हिरूला बाप नव्हता, चुलता होता: काकड्या. काकड्याच्या मांडीतून त्याच संपात गोळी गेली होती, तेव्हापासून तो काठीवर चालायचा. बोलणी करायला आला तेव्हा ताडी पिऊन खूश होता. "तुझी पोर लय बोलती," तो ठकीला म्हणाला. "आमच्या घरात बोलनारा एक मीच. दोघांचा कसा होल?"

"तू बोलाचा सोड," ठकी म्हणाली. सगळे हसले.

निघताना काठी टेकून तो उंबऱ्यात थांबला. "एक गोष्ट. गाण्यात तुझ्या भावाचा नाव घ्याचा नाय."

"पोरीचा बाप हाय तो."

"माझा पाय त्याच्यापायी गेला. माझ्या शेजारचा सुक्या गेला. आमच्या बायका ते नाव उचलाच्या नाय. तू नाव घेतलास तर मी उठून जाईन. पोरगा माझ्या शब्दाभायेर नाय."

"तुना कोणी सांगला?"

"पुस्तकात हाय."

ठकीनं त्याला आईचं सांगितलं, वखारीचं सांगितलं. तो ऐकत होता, पण डोळे जमिनीला. मग ठकीला आठवलं, आणि आठवल्याबरोबर तिचा राग निराळ्याच वाटेनं गेला.

"काकड्या," ती म्हणाली, "त्या दिशी ढोल तूच वाजवत होतास."

काकड्याचा चेहरा एकदम पडला. "मंग? माझ्या ढोलानं मारला का त्यांना?"

"गोळी ज्यानं मारली त्यानं मारला. गोळीवाल्यांना ज्यानं बोलवला त्यानं मारला. तुझा ढोल नाय, माझा भाऊ नाय."

पण ते त्याच्या कानात शिरलं नाही. पंधरा वर्षं हा माणूस तो ढोल ऐकत होता, हे ठकीला तेव्हा दिसलं. तीन डोंगर ऐकू गेलेला स्वतःच्या हातचा ढोल. पुस्तकानं त्याची त्यातून सुटका केली होती. त्याला एक फितूर दिला होता. आता हा माणूस तो फितूर सोडणार नाही.

"नाव घ्याचा नाय," तो म्हणाला आणि गेला.

लाडकीला ठकीनं विचारलं. लाडकी चूल फुंकत होती, तिनं तोंड वळवलं नाही. "आत्ये, तुना जे करायचा ते कर. माना हिरू पन पायजे आन बाबा पन पायजे. मी काय बोलू?"

त्याच महिन्यात बोर्डीला लेखकांचा सत्कार होता. कादंबरीला कसलंसं बक्षीस मिळालं होतं. ठकी सकाळी निघाली ती दुपारी पोचली. मंडप होता, खुर्च्या होत्या, पहिल्या रांगेत वाडीवाले बसले होते आणि त्यांच्यात शुभ्र टोपी घालून अमृतशेठ बसला होता. आता म्हातारा झालेला. तो टाळ्या वाजवत होता. पुस्तकातला धनाजीशेठ दुष्ट होता आणि अमृतशेठला धनाजीशेठशी काहीच देणंघेणं नव्हतं.

भाषणात लेखक म्हणाले की इतिहास म्हणजे हाडं, कादंबरीकार त्यांवर मांस चढवतो. ठकी मंडपाच्या खांबाला धरून उभी होती. कोणाच्या हाडांवर कोणाचं मांस, हे ती त्यांना तिथंच विचारणार होती. पण मास्तरांनी तिला पाहिलं आणि घाईनं मागच्या खोलीत नेलं. भाषण संपल्यावर लेखक तिथं आले. त्यांनी तिला ओळखलं, हात जोडले, खरोखर आनंदानं.

"ठकीबाई! तुमच्यामुळे झालं हो सगळं."

"माझ्या भावाचा नाव काढ त्याच्यातून," ठकी म्हणाली. ती सगळ्यांनाच तू म्हणायची.

लेखकांना आधी कळेना. मास्तरांनी सांगितलं. मग ते खुर्चीवर बसले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागले. "अहो, मी त्याला लहान नाही केला. मोठा केला. चुकतो आणि सावरतो, तोच माणूस लोकांच्या लक्षात राहतो. नुसता गोळी लागून मेलेला कोण लक्षात ठेवणार?"

"मी," ठकी म्हणाली.

"आणि नाव खरं हवंच. नाहीतर लोक म्हणतील, सगळं कल्पनेतलं. खऱ्या नावानं विश्वास बसतो."

"मंग शेठचा नाव काहाला बदलला?"

लेखक मास्तरांकडं बघायला लागले. बाहेर चहाच्या कपबशा वाजत होत्या.

"तो कोर्टात जाईल म्हनून," ठकीच म्हणाली. "तो जिवंत हाय, त्याला वकील हाय. म्हनून तो खोटा केलास, सुटला. माझा भाऊ मेला, त्याला कोन नाय. म्हनून तो खरा ठेवलास. असाच ना? तुना घाबरवनारा एक पन मानूस आमच्यात नव्हता, म्हनून आमची नावा खरी!"

तिचा आवाज चढला तसं दारात कोणी डोकावलं. लेखकांचा चेहरा लाल झाला. "पुढच्या आवृत्तीत बघू," ते म्हणाले. "नक्की बघू."

त्यांनी वही काढून काहीतरी टिपलं. निळ्या पेन्सिलीनं.

लग्न माघात झालं. सकाळी सवाशिणींनी चौक लिहिला, ठकी दिवा घेऊन बसली. समोर हिरू आणि लाडकी, हळदीनं पिवळी. नवरीनं लग्नात गायचं नसतं, तोंडातून शब्द काढायचा नसतो. मागं दोन्हीकडच्या बायका. बाजूला काठी मांडीवर घेऊन काकड्या.

ठकीनं देवांना बोलावलं. मग मेलेल्यांना. आजाला, पणज्याला, सापानं गेलेल्या चुलतीला. बायका एकेक नाव उचलत होत्या. मग तिची आई आली, वखारीत तापानं पडलेली. आईचंही नाव उचललं गेलं. ठकीनं दिव्यात तेल घातलं आणि त्याच चालीत गायली: आईला पाठीवर घेऊन ये, रघ्या, दहा गठड्या दाबून ये, अमृतशेठच्या वखारीतून ये, लेकीच्या मांडवात ये.

बायकांनी नाव उचललं नाही. 

काकड्या काठी टेकून उठला. नेमानं त्याला गाणं अडवता येत नव्हतं, निघून जाता येत होतं. हिरू खाली मान घालून बसला होता. ठकी थांबली असती आणि पुढच्या मेलेल्याकडं गेली असती तर कोणाला काही वाटलं नसतं. रघ्या कुंपणाबाहेर उभा राहिला असता, लग्न पुरं झालं असतं. पण तिच्या छातीत ती लाल रेघ होती. ती तिनंच आपल्या तोंडानं मारून घेतली होती. ती पुन्हा गायली, पहिल्यापेक्षा मोठ्यानं. आई, गठड्या, शेठचं खरं नाव, रघ्या. पुन्हा कोणी नाही. तिसऱ्यांदा गाताना तिचा आवाज फाटला, गाणं राहिलं नाही, नुसतं ओरडणं झालं.

तेव्हा लाडकीनं नाव उचललं. हळदीच्या ओल्या अंगानं, समोर बघत, नवरीनं करायचं नसतं ते केलं. "ये रघ्या," ती गायली, बापाला नावानं हाक मारून, कारण चाल तशीच होती. तिच्या मागं एक म्हातारी गायली, मग दोघी. सगळ्या नाही. तलासरीकडच्या बऱ्याचशा बायका तशाच बसल्या.

काकड्या मांडवातून बाहेर गेला आणि आंब्याखाली पाठ करून बसला. हिरूला त्यानं हाक मारली नाही. लग्न पुरं होईपर्यंत तो तसाच बसून होता. जेवायला बोलावलं तर आला नाही, पण घरीही गेला नाही.

दीड वर्षानं दुसरी आवृत्ती आली. हरिश्चंद्र मास्तर ती घेऊन कैनाडला आले. ठकी ओट्यावर बसून दगडावर विळ्याला धार लावत होती. मास्तरांनी चौदावं प्रकरण उघडलं, पण ठकीकडं बघितलं नाही.

"तसाच हाय," ठकी म्हणाली.

"हो." मास्तरांनी खिशातून पेन काढलं. वाईट त्यांनाही वाटत होतं, बरेच दिवस झोप लागत नव्हती. "ही प्रत शाळेची आहे, ठके. पोरं वाचतात. माझ्या हातानं मी रघ्याचं नाव खोडतो. दुसरं कुठलं तरी घालतो."

"दुसरा कोनाचा? दुसरा कोन फितूर होता?"

मास्तरांनी पेन खाली घेतलं.

"रघ्याचा नाव राहू दे. मी गाते, माझ्याकडं तो बरा हाय." तिनं विळा बाजूला ठेवला. "धनाजीशेठ लिवलाय ना जिथं जिथं? तिथं खोड आन अमृतशेठ लिव. खरा नाव. तुना सगळा येतो लिवाला. एका पानावर तरी लिव."

मास्तरांच्या वाडीचा बांध अमृतशेठच्या वाडीला लागून होता. पाणी त्याच्या विहिरीवरून येत होतं. मास्तरांनी पुस्तक मांडीवर धरलं, पेन उघडलं. पानावर वाकले. पेनाचं टोक कागदाच्या अगदी वर, धनाजीशेठच्या पहिल्या अक्षराशी येऊन थांबलं.

ठकी बघत होती. बराच वेळ बघत होती.

मग मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

 ठकीनं विळा उचलला, दगडावर पाणी शिंपडलं आणि पुन्हा घासायला लागली. शाईचा डाग पुसावा तसं मास्तर पानावरून बोट फिरवत बसले होते, आणि पानावर डाग नव्हता.